परिषदेचा गोषवारा आणि आपला दावा

विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून चर्चासत्रांची जी पत्रके निघतात त्यांत एक कलम ठरलेले असते. निबंध वाचू इच्छिणाऱ्याने अमुक तारखेच्या आत अडीचशे ते तीनशे शब्दांचा गोषवारा पाठवावा. सोबत पाच बीजशब्द, स्वतःचा चार ओळींचा परिचय, आणि निवड झाल्यास नोंदणी शुल्क. हे कलम आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याची चिकित्सा करावयास बसलेला माणूस वाचकांना रिकामटेकडा वाटण्याचा संभव आहे. चळवळीपुढे इतके प्रश्न उभे असताना या कारकुनी गोष्टीवर पाने कशासाठी खर्च करावयाची? माझे म्हणणे असे की ही गोष्ट कारकुनी नाही. ज्ञानव्यवहारात कोणी बोलावयाचे आणि कोणाविषयी बोलले जावयाचे, याचा पहिला निवाडा या तीनशे शब्दांवर होतो. तो निवाडा निबंध ऐकून होत नाही. बहुतेक वेळा निबंध लिहिला जाण्याच्याही आधी होतो. आपली कितीतरी मुले या उंबरठ्यावरून परत फिरतात आणि त्यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही, कारण जो आत आलाच नाही त्याची हजेरी कोण मांडणार?

‘गोषवारा’ हा शब्द मूळचा दप्तरातला. सबंध जमाखर्च लिहून झाला की शेवटी त्याची थोडक्यात बेरीज मांडीत, तो गोषवारा. आधी खतावणी, मग गोषवारा. (ते दप्तर कोणाच्या हाती असे हे या अंकाच्या वाचकाला सांगावयास नको.) परिषदांनी हा क्रम उलटा केला आहे. जे काम झाले नाही त्याची बेरीज आधी मागितली जाते. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची ग्रंथसंपत्ती आहे, ज्याचा मार्गदर्शक आयोजकांच्या ओळखीचा आहे, त्याला न झालेल्या कामाची बेरीज छान लिहिता येते, कारण कोणता आकडा अपेक्षित आहे हे त्याला ठाऊक असते. खेड्यातून आलेला, वसतिगृहाच्या खोलीत चौघांत एक टेबल वापरणारा मुलगा प्रामाणिकपणे विचारतो की निबंध अजून लिहिलाच नाही, तर त्याचे निष्कर्ष कसे सांगू? या प्रश्नात बुद्धीचा अभाव नाही. उलट हिशेबाची नीती त्यालाच अधिक कळलेली आहे.

आता या व्यवहाराला सरकारी गतीही मिळालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीला गुण जोडले, आणि परिषदेत निबंध वाचण्याला स्थानिक, राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय अशा पायऱ्यांनी चढते गुण दिले. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन निबंधवाचने सक्तीची केली. २०२२ च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. पण सवय लागली ती लागलीच. तालुक्याच्या महाविद्यालयांतही ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदा भरू लागल्या. सकाळी उद्घाटन, हारतुरे, दुपारी एका तासात वीस निबंध, संध्याकाळी प्रमाणपत्रे. येथे गोषवारा कोणी वाचीत नाही. शुल्काची पावती वाचली जाते. जो पैसे भरील त्याचा निबंध ग्रंथात छापला जातो आणि तो ग्रंथ पुढे कोणी उघडीत नाही.

मोठ्या शहरांतील आणि परदेशांतील परिषदांत याच्या उलट आहे. तेथे चाळण खरी असते, भाषा इंग्रजी असते, आणि चाळणीच्या जाळीची वीण बाहेरून दिसत नाही. एका ठिकाणी सर्वांना घेतात, दुसऱ्या ठिकाणी थोड्यांना. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन्हीकडे एकच घडते: त्याने काय म्हटले आहे याच्याशी कोणी भांडत नाही. माझ्या मते नकारापेक्षाही हे वाईट आहे.

एक उदाहरण देतो. महार वतनाच्या जमिनींवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने एका विद्यापीठाच्या चर्चासत्रासाठी गोषवारा पाठवला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. तेथपासून १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा, त्यात रक्कम भरून जमीन नव्या शर्तीने परत मिळण्याची तरतूद, आणि ती रक्कम वेळेवर न भरता आल्याने काय झाले, असा त्याचा विषय होता. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार त्याने स्वतः उतरून काढले होते. उत्तर आले की निबंध स्वीकारला आहे, पण ‘अनुभवकथन’ या सत्रात. आणि त्यात त्याने आपल्या कुटुंबाला सोसाव्या लागलेल्या हालांचा समावेश केल्यास निबंध अधिक परिणामकारक होईल. उत्तराची भाषा सौजन्याची होती. फेरफारांविषयी मात्र त्यात एक अक्षर नव्हते. जमिनीच्या कायद्यावर बोलावयाचे ते दुसऱ्या सत्रात, दुसऱ्या लोकांनी. याने रडून दाखवावयाचे.

गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त भारतीय सामाजिक शास्त्रे किती समतावादी आहेत असा प्रश्न विचारून जो लेख लिहिला, त्याचा रोख नेमका येथे होता. सिद्धान्त सांगणाऱ्यांचा एक वर्ण आणि तपशील पुरवणाऱ्यांचा दुसरा वर्ण, अशी वर्णव्यवस्था ज्ञानाच्या क्षेत्रात उभी आहे हे त्यांनी दाखवले. पण त्या लेखाची दुसरी बाजू आपल्याकडे सोयीस्करपणे विसरली जाते. अनुभव आमच्यापाशी आहे, मग सिद्धान्त हवा कशाला, या आपल्याच समजुतीवरही त्यांनी आघात केला होता. ‘अनुभवकथना’चे सत्र आपल्यावर लादले जाते हे खरे. त्या सत्रात टाळ्या चटकन मिळतात म्हणून आपल्यातले काही जण तेथे आनंदाने जाऊन बसतात, हेही खरे आहे.

या ठिकाणी बाबासाहेबांच्या दोन प्रसंगांकडे पाहावयास हवे. त्यांपैकी एक आपण फार अभिमानाने सांगतो आणि फार थोडा वाचतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथे, कोलंबिया विद्यापीठातील डॉ. ए. ए. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. वय पंचवीस. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर या चौघांच्या जातीविषयीच्या व्याख्या समोर ठेवून त्यांतील उणेपणा दाखवला आहे. मग स्वतःचा दावा येतो: जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे. गटातल्या गटात लग्ने लावावयाची म्हटले की नवरा मेल्यावर उरणारी स्त्री आणि बायको मेल्यावर उरणारा पुरुष हा पेच उभा राहतो; सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी त्या पेचातून निघतात. अतिशूद्र म्हणून जन्मलेला हा तरुण परक्या देशातल्या पंडितांपुढे उभा आहे, आणि सबंध निबंधात साताऱ्याच्या शाळेतले गोणपाट नाही, पाण्याचा नळ नाही. ते त्यांना आठवत नव्हते असे कोण म्हणेल? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी ते सर्व लिहिले आहेच. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही, १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने आले. कोणत्या जागी साक्ष द्यावयाची आणि कोणत्या जागी सिद्धान्त मांडावयाचा, हा निर्णय त्यांनी स्वतःच्या हाती ठेवला होता. वतनाच्या जमिनीवर लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याच्या हातून नेमका हाच निर्णय काढून घेण्यात आला.

आणखी एक. त्या निबंधाचा गोषवारा आजही एका वाक्यात सांगता येतो. दावा स्पष्ट असला की तीनशे शब्दसुद्धा जास्त होतात.

दुसरा प्रसंग लाहोरचा. जात-पात-तोडक मंडळाने डिसेंबर १९३५ मध्ये बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदाचे निमंत्रण दिले. ऑक्टोबरात येवल्याची घोषणा होऊन गेलेली होती. म्हणजे कोणाला बोलावीत आहोत हे मंडळाला पुरते माहीत होते. मंडळ सनातन्यांचे नव्हते, आर्यसमाजी वळणाच्या सुधारकांचे होते, आणि जात मोडावी हेच त्याचे ध्येय होते. बाबासाहेबांनी भाषण लिहून मुंबईत छापावयास दिले. एप्रिल १९३६ मध्ये मंडळाचे हर भगवान मुंबईस येऊन ते पाहून गेले, आणि मग पत्र आले. त्यातला मुद्दा आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. धर्मग्रंथांच्या नीतिमत्तेविषयी शंका घेणारा आणि हिंदुधर्म सोडण्याचा इरादा सुचवणारा भाग गाळावा, कारण तो विषयाला धरून नाही, असे मंडळाचे म्हणणे होते. तो भाग खोटा आहे असे मंडळाने म्हटले नाही. युक्तिवादात अमुक चूक आहे असेही दाखवले नाही. विषयाला धरून नाही! जात मोडण्याच्या परिषदेत जातीला आधार देणाऱ्या ग्रंथांची चर्चा विषयाबाहेरची ठरली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. एक विरामचिन्हही बदलण्यास बाबासाहेबांनी २७ एप्रिलच्या पत्राने नकार दिला. परिषद आधी पुढे ढकलली गेली होती, ती मग झालीच नाही. मे १९३६ मध्ये त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, किंमत आठ आणे. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींना ‘हरिजन’मध्ये त्याची दखल घ्यावी लागली, आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींचे म्हणणे आणि त्यावरील उत्तर अशी दोन्ही छापली गेली. लाहोरच्या मांडवात जो वाद व्हावयाचा तो अशा रीतीने सबंध देशापुढे झाला.

कोणी म्हणेल की लाहोरचे ते अध्यक्षीय भाषण होते, निमंत्रण देऊन मागवलेले. एखाद्या विद्यार्थ्याच्या अर्जाशी त्याची तुलना कशी होईल? फरक आहे, आणि तो मोठा आहे. बाबासाहेबांपाशी स्वतः छापण्याचे बळ होते, वाचणारा समाज होता. विद्यार्थ्यापाशी प्रबंधाची मुदत असते आणि मार्गदर्शकाची मर्जी असते. पण आधी पाहून घेण्याची यंत्रणा तीच आहे. ‘परिषदेच्या सूत्राशी सुसंगत नाही’ हे आजच्या परीक्षकाचे आवडते वाक्य. सूत्र कोणी ठरवले, आणि ठरवताना कोण हजर होते, हे विचारण्याची जागा त्या अर्जात कोठेही नसते. तज्ज्ञांनी निबंध निवडूच नयेत असे मी म्हणत नाही. शंभर निबंध आणि दोन दिवस असतील तर निवड करावीच लागणार. मात्र निवड करणाऱ्याने कारण लिहून द्यावे, आणि ते कारण निबंधातील विधानाविषयी असावे. लाहोरच्या मंडळाने निदान पत्र तरी लिहिले होते. काय खुपले ते त्या पत्रातून कळले, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो. आताच्या पद्धतीत ‘खेद वाटतो’ एवढ्या दोन शब्दांवर भागते.

नकार आपल्याकडूनही देता येतो. मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांकडून आले तेव्हा जोतीरावांनी जाण्याचे नाकारले, आणि कारणे पत्रात लिहून कळवली. जे लोक सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आपला मेळ बसत नाही, असा त्यांचा आशय होता. हे पत्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सभेच्या अहवालापेक्षा जास्त टिकले. पण आज त्याचा आधार घेऊन परिषदांकडे पाठ फिरवा असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. जोतीरावांनी नाकारले ते स्वतःची सभा, स्वतःचे ग्रंथ आणि स्वतःच्या शाळा उभ्या करून. आपण नाकारून घरी बसलो तर त्या खुर्चीवर आपल्याविषयी बोलणारा कोणीतरी बसतोच.

आता आपल्या लिहिण्याकडे वळतो. येथे थोडे कडू बोलावे लागणार आहे. गेल्या कित्येक वर्षांत माझ्यासारख्या अध्यापकांच्या हातांखालून जे गोषवारे गेले, त्यांतील बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते: प्रस्तुत शोधनिबंधात अमुक आत्मकथनातील वेदना, विद्रोह आणि नकार यांचा शोध घेण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. पुस्तकाचे नाव बदलावे, वाक्य तेच चालते. वेदना, विद्रोह, नकार हे शब्द एके काळी जळत्या निखाऱ्यांसारखे होते. प्रस्थापित समीक्षेच्या तोंडावर ते फेकले गेले तेव्हा तिला उत्तर सुचले नाही. आज ते अर्जातल्या ‘माननीय महोदय’सारखे झाले आहेत. ‘प्रयत्न करण्यात आला आहे’ ही रचनाही पाहा. कर्ता गायब. कोणी केला प्रयत्न? जणू विधान केल्याबद्दल आधीच क्षमा मागितली आहे. विनंतीअर्ज लिहिण्याची पिढीजात सवय आपल्या वाक्यरचनेत शिरली आहे, आणि परीक्षकाला ती आवडते, कारण विनंतीअर्ज फेटाळताना त्याला वाद करावा लागत नाही.

नुसते दोष काढून भागणार नाही म्हणून एक नमुना मांडतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चे पुस्तक घ्या. त्यावर येणारा नेहमीचा गोषवारा ‘दलित स्त्रियांच्या दुहेरी-तिहेरी शोषणाचे चित्रण’ असा असतो. तो खोटा नाही, पण त्या पुस्तकातल्या बायका त्यात कोठेही दिसत नाहीत. त्याऐवजी असे लिहिता येईल:

हिंदू कोड बिलाचा इतिहास सामान्यतः १९४१ च्या राव समितीपासून सांगितला जातो. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित वर्ग महिला परिषदेने घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी मागितली. त्याच परिषदेने कामगार स्त्रियांसाठी पगारी रजा मागितली. विवाहाचा कायदा आणि कामाचा कायदा हे प्रश्न या स्त्रियांनी एकत्र का मांडले, आणि नंतरच्या इतिहासलेखनाने ते वेगळे का केले, हे मी या निबंधात तपासतो. साधने : परिषदेचे ठराव आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’मधील मुलाखती.

शंभर शब्दही झाले नाहीत. हा गोषवारा नाकारावयाचा तर परीक्षकाला काहीतरी बोलावे लागेल. राव समितीच्या आधीचे दाखले द्यावे लागतील, ठरावांचा अर्थ वेगळा लावून दाखवावा लागेल, किंवा हे म्हणणे आधीच कोणी मांडले असल्यास त्याचे नाव सांगावे लागेल. शिवाय हा निबंध ‘अनुभवकथना’च्या सत्रात ढकलणे कठीण आहे, ढकललाच तर ते सर्वांना दिसेल. ‘मी तपासतो’ असे क्रियापद घालावयास आमच्या मुलांना संकोच वाटतो. तो संकोच घालवणे हे मार्गदर्शकाचे काम आहे, आणि पुष्कळ मार्गदर्शक ते करीत नाहीत, कारण त्यांनाही कोणी तसे शिकवले नव्हते.

या पुस्तकाविषयी जाता जाता एक गोष्ट. ते लिहिणाऱ्या दोघींपैकी कोणीही विद्यापीठात अध्यापक नव्हती. गावोगाव, वस्त्यांवस्त्यांतून फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधून त्यांनी मुलाखती घेतल्या. त्या वेळी त्यांनी एखाद्या परिषदेकडे तीनशे शब्द पाठवले असते तर ‘संशोधनपद्धती स्पष्ट नाही’ असा शेरा आला नसता कशावरून? पुढे २००८ मध्ये वंदना सोनाळकर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि आता त्याच परिषदांतील निबंधांच्या तळटीपांत ते दिसते. तळटीपेत जागा मिळाली, ठीक आहे. व्यासपीठावर ती कधी मिळाली असती हा प्रश्न शिल्लक राहतो.

भाषेचा प्रश्न राहिला. महाराष्ट्रातल्या परिषदेत, मराठी पुस्तकावर, मराठी श्रोत्यांपुढे बोलावयाचे आणि गोषवारा मात्र इंग्रजीतच हवा, ही अट कशासाठी? इंग्रजीला माझा विरोध नाही. १९१६ आणि १९३६ ही दोन्ही भाषणे इंग्रजीतच होती, आणि आपल्या मुलांनी इंग्रजी हस्तगत केलीच पाहिजे. पण विचार तपासावयाचा असेल तर तो ज्या भाषेत पक्का होतो त्या भाषेत आधी तपासावा आणि भाषांतराची जबाबदारी आयोजकांनी घ्यावी. नोंदणी शुल्क घेतातच. त्यात एका भाषांतरकाराचे मानधन बसण्यास हरकत नसावी. आपल्या अध्यापक संघटनांनी ही मागणी ठरावाने करण्यासारखी आहे.

विद्यार्थ्यांना माझी सूचना एवढीच की आधी निबंध लिहावा, निदान अर्धा तरी, आणि त्यातून गोषवारा काढावा. दप्तराचा जुना क्रम तेवढा बरोबर होता. नकार आला तर निबंध तालुक्याच्या अभ्यासवर्गात वाचावा, तेथे प्रश्न जास्त टोकदार येतात. मग तो अशा नियतकालिकाकडे पाठवावा. सोबत नाकारलेला गोषवारा आणि आलेले उत्तरही जोडावे, परिषदेचे नाव झाकून चालेल. असे चाळीस-पन्नास कागद एका ठिकाणी जमले तर ‘सुसंगत नाही’ हे शब्द कोणत्या विषयांवर येतात आणि ‘अनुभव घाला’ ही सूचना कोणाला केली जाते, हे मोजून दाखवता येईल. त्या मोजणीवर पहिला निबंध कोणी लिहावयाचा, तो अर्थातच विद्यार्थ्यांपैकीच कोणीतरी लिहावा.